पैसे कापले, तिकीट नाही, आणि लॉगही नाहीत: लॉग गोळा करणारं टूल निवडताना

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे आणि मध्येच आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. ज्यांना प्रवासात रेंज मिळत नाही त्यांनी निवांत वाचा.)



गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. शब्द वेगवेगळे, प्रश्न तोच. "ताई, आमच्याकडे आता दहा-बारा सर्व्हिसेस झाल्यात, लॉग गोळा करायला कुठलं टूल घेऊ? फ्लुएंट बिट की व्हेक्टर? लॉगस्टॅश जुनं झालं का? ओपनटेलिमेट्री शिकून घेऊ का?" आणि सोबत कुठल्यातरी तुलनेच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट. कोण सेकंदाला किती ओळी खेचतं, कोण किती मेमरी खातं.

मी पण असे तक्ते बघूनच टूल निवडलं होतं. त्याचं काय झालं ते आज सांगणार आहे. टूलचं नाव मुद्दाम घेणार नाही, कारण चूक त्याची नव्हती. आमची होती, आणि त्यातही जास्त माझी.

नवीन मंडळींसाठी आधी थोडं मागचं सांगते. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं पुढे ढकला.

एकच सर्व्हर असतो तेव्हा लॉग म्हणजे एक फाइल. काही बिघडलं की सर्व्हरवर लॉगइन करायचं, फाइल उघडायची, शोधायचं. सर्व्हिसेस वाढल्या, कुबरनेटिस आलं, की एका ग्राहकाची एक रिक्वेस्ट सात-आठ ठिकाणी फिरून येते आणि प्रत्येक ठिकाणी आपली पाऊलखूण सोडते. ते पॉड पण कायमचे नसतात. गर्दी वाढली की नवे येतात, ओसरली की जातात, आणि पॉड डिलीट झाला की त्याच्या लॉगच्या फायलीही नोडवरून जातात. म्हणून प्रत्येक नोडवर एक छोटा प्रोग्रॅम बसवतात. तो त्या फायली सतत वाचत राहतो आणि ओळी उचलून एका मध्यवर्ती ठिकाणी पाठवतो. हा प्रोग्रॅम म्हणजे एजंट. आज बोलायचंय ते या एजंटबद्दल. लॉग शेवटी साठवायचे कुठे, हा निराळा प्रश्न आहे. लोक दोन्ही एकत्र कालवतात, म्हणून सांगितलं.

ही कल्पना काही नवी नाही बरं का. १९८० च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमन सेंडमेल हा ईमेलचा प्रोग्रॅम लिहीत होता, त्यातून सिसलॉग जन्माला आलं. सिसलॉग नेटवर्कवरून लॉग पाठवायचं ते यूडीपीने, ५१४ नंबरच्या पोर्टवर. यूडीपी म्हणजे पोस्टात साधं पत्र टाकण्यासारखं. टाकलं की आपलं काम संपलं, पोचलं का हे विचारायचं नाही. पावती नाही. आता तुम्ही हसाल, पण चाळीस वर्षांनंतरसुद्धा आपली खरी अडचण तीच आहे. पावती मिळाली का? आणि नाही मिळाली तर पुढे काय?

आता माझी गोष्ट.

मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत होते. खाजगी बसची ऑनलाइन तिकिटं. वर्षभर बेताची गर्दी, पण गणपतीच्या आधी कोकणातल्या गाड्यांचं बुकिंग उघडलं की जे काही व्हायचं ते व्हायचं. चाकरमान्याला चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावी पोचायचंच असतं, त्यात तडजोड नाही. त्या एका आठवड्यासाठी आम्ही दोन महिने तयारी करायचो.

तर त्या रात्री नऊ-चाळीसला डेटाबेस धापा टाकायला लागला. सर्व्हिसेस एकमेकींना पुन्हा पुन्हा हाका मारायला लागल्या, प्रत्येक फसलेल्या हाकेची एक एरर, प्रत्येक एररला चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस. लॉगचा पूर आला. तो पूर गेला आमच्या लॉगच्या साठवणीकडे, आणि तीही कोसळली. दहा वाजून आठ मिनिटांनी सगळं पुन्हा उभं राहिलं. अठ्ठावीस मिनिटं. आम्ही हुश्श केलं, चहा सांगितला.

मग फोन सुरू झाले. पैसे कापले गेलेत, तिकीट आलेलं नाही. एक काका होते, आवाजावरून साठीचे असावेत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मला पैसे परत नकोत. चार सीट आमच्या नावावर आहेत की नाहीत एवढंच सांगा. नसतील तर मी आत्ताच दुसरी गाडी बघतो. उद्या मिळणार नाही."

अगदी साधा प्रश्न. हो की नाही. मी लॉग उघडले. नऊ-एकेचाळीसपर्यंत ओळी होत्या आणि त्यानंतर एकदम दहा वाजून काही मिनिटांच्या. मध्ये काही नाही. एरर नाही, इशारा नाही, कोरं.

आम्ही रात्रभर नोडवर जाऊन उरलेल्या फायली हाताने उघडल्या. त्यातून शेवटची पाच-सहा मिनिटं मिळाली. बाकी एकवीस मिनिटं कायमची गेली. शेवटी पेमेंट गेटवेचा हिशेब आणि बसमालकांकडच्या सीटच्या याद्या समोरासमोर ठेवून एकेक नाव जुळवलं. काकांना उत्तर मिळालं दुसऱ्या दिवशी दुपारी. सीट त्यांच्या नावावर नव्हत्या. आणि तोपर्यंत दुसऱ्या गाड्या भरल्या होत्या. ते चिडले नाहीत. "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

असो. नेमकं झालं काय, ते बघू. टूल कसं निवडायचं ते यातच आहे.

साठवण कोसळली तेव्हा आमचा एजंट ओळी पाठवू शकेना. मग त्याने त्या स्वतःच्या मेमरीत साठवायला घेतल्या. मेमरीची मर्यादा आम्ही ठरवून दिली होती, फार थोडी. एका मिनिटात भरली. भरल्यावर त्याने शहाणपणाने फाइल वाचणं थांबवलं. हे बरोबरच आहे. फाइल डिस्कवर आहे, नंतर वाचू, असा त्याचा हिशेब.

पण ती फाइल कायम थोडीच राहणार होती? कुबरनेटिसमध्ये क्युबलेट नावाचा जो नोडवरचा कारभारी असतो, तो कंटेनरची लॉग फाइल १० एमबीची झाली की बाजूला काढतो आणि नवी सुरू करतो. अशा ५ फायली ठेवतो, सहावीची वेळ आली की सर्वांत जुनी उडवतो. हे त्याचे डिफॉल्ट आकडे. म्हणजे एका कंटेनरमागे साधारण ५० एमबी.

आता गणित करा. तुमची सर्व्हिस सेकंदाला ५० केबी लिहीत असेल तर ५० एमबी म्हणजे सतरा मिनिटं. वाटतं, भरपूर आहेत. पण गोंधळाच्या वेळी ती ५० केबी लिहीत नाही. आमची सर्व्हिस तेव्हा १५० केबीच्या आसपास लिहीत होती. सतराची झाली पावणेसहा मिनिटं. आणि त्यातही एक मेख आहे: चालू फाइल आणि नुकतीच बाजूला काढलेली एक, या दोन सोडल्या तर आधीच्या फायली क्युबलेट जीझिप करून ठेवतो. त्या उघडून वाचण्याची तसदी प्रत्येक एजंट घेत नाही. आमच्याने घेतली नाही, म्हणून तर आम्ही हाताने उघडत बसलो.

लक्षात आलं का? लॉग नेमके हवे असतात गोंधळाच्या वेळी. आणि गोंधळाच्याच वेळी ते तिप्पट-चौपट होतात, साठवण दमते, पॉड मरतात, फायली भराभर फिरतात. या गोष्टी एकत्रच येतात. त्यामुळे शांत दुपारी कुठलं टूल किती धावतं हे मोजून काहीही कळत नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही टूलला पहिला प्रश्न हाच विचारते: पुढचं दार बंद झालं तर तू काय करतोस?

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी भरली, खालून पाणी येतंच आहे. एक तर बॉलकॉक वर येऊन पाणी बंद करेल, म्हणजे मागच्या सगळ्यांना थांबावं लागेल. किंवा टाकी वाहून जाईल, नवं आलेलं पाणी गच्चीवर. तिसरा मार्ग, तळाचं जुनं पाणी सोडून नव्याला जागा करायची. चौथा मार्ग नाही. मोठी टाकी बसवणं हा उपाय नव्हे, ती फक्त उशिरा भरते. प्रत्येक टूलला यातलं काहीतरी एक करावंच लागतं, आणि काय करायचं हे तुम्ही सांगितलं नाही तर ते आपल्या मनाने करतं. ते मन कळण्यासाठी डॉक्युमेंटेशनमधलं बफर आणि रिट्रायचं पान वाचायचं असतं. आम्ही ते वाचलं नव्हतं. क्विक स्टार्टचं पान वाचलं, यामल कॉपी केली, चाललं, दिवाळी.

आता नावं घेऊन बोलते.

फ्लुएंट बिट. सी भाषेत लिहिलेलं, आकाराने चिमुकलं, नोडवर बसवायला मला आजही हेच सर्वांत सोयीचं वाटतं. पण डिफॉल्टने बफर मेमरीत असतो. एजंट रीस्टार्ट झाला की मेमरीतलं गेलं. डिस्कवर ठेवायचं असेल तर स्टोरेज फाइलसिस्टीम करून द्यावं लागतं. फाइल कुठपर्यंत वाचली हे लक्षात ठेवायला एक छोटी डेटाबेस फाइल लागते, तीही सांगावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिट्राय लिमिट. ते न सांगितलं तर १ असतं. एक! म्हणजे एकदा पाठवून बघितलं, नाही गेलं, पुन्हा एकदा बघितलं, नाही गेलं, की तो गठ्ठा टाकून दिला. त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये तशी एक ओळ येते. पण एजंटचे लॉग कोण वाचतं? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत मागे टेकून बसले.

फ्लुएंटडी हा त्याचा थोरला भाऊ, २०११ चा, रुबीतला. जड आहे, पण प्लगइन्सचा खजिना. बफर भरल्यावर एरर फेकू, थांबू, की सर्वांत जुना गठ्ठा टाकू, हे तीन पर्याय तुमच्यासमोर सरळ ठेवतो. काही न सांगितल्यास एरर फेकतो. आणि धीर मोठा आहे, डिफॉल्टने ७२ तास प्रयत्न करत राहतो. एकाच घरातले दोघे भाऊ आणि धीर बघा किती वेगळा. म्हणून म्हणते, "फ्लुएंट बिट म्हणजे छोटं फ्लुएंटडीच की" असं समजून आकडे गृहीत धरू नका.

व्हेक्टर रस्टमध्ये लिहिलंय. टिंबर नावाच्या कंपनीने बनवलं, २०२१ मध्ये डेटाडॉगने ती कंपनी घेतली. यात डिफॉल्टने बफर ५०० नोंदींचा, मेमरीत, आणि भरला की थांबतो, म्हणजे बॉलकॉक. मला यातली पावतीची सोय आवडते. एंड टू एंड पोचपावती चालू केली की शेवटच्या ठिकाणाहून 'मिळालं' असं उत्तर आल्याशिवाय तो सुरुवातीच्या टोकाला 'झालं' म्हणत नाही. अर्थात सगळ्या सोर्स-सिंकना ती जमत नाही, तुमच्या जोडीला जमते का ते बघा. आणि डिस्कचा बफर घेतलात तर किमान २५६ एमबीची जागा द्यावी लागते, प्रत्येक सिंकला. नोडवर डिस्क बेताची असेल तर हिशेब आधी करा.

ओपनटेलिमेट्री कलेक्टर. ट्रेसेस आणि मेट्रिक्ससाठी तुम्ही तो आधीच लावला असेल तर लॉगसाठी आणखी एक एजंट कशाला, हा मुद्दा मला पटतो. नवीन सुरुवात करणाऱ्यांना मी हाच आधी बघायला सांगेन. पण यातही तेच. पाठवण्याची रांग मेमरीत असते आणि एखादी गोष्ट पाठवायचा प्रयत्न डिफॉल्टने ५ मिनिटं चालतो, मग सोडून देतो. आमची साठवण अठ्ठावीस मिनिटं पडली होती. करा हिशेब! रांग डिस्कवर ठेवायची सोय आहे, एक एक्स्टेंशन जोडावं लागतं.

लॉगस्टॅश, फाइलबीट यांच्याबद्दल फार बोलत नाही. लॉगस्टॅश जेव्हीएमवर चालतं, हीपच डिफॉल्टने १ जीबी मागतं, त्यामुळे प्रत्येक नोडवर बसवायची वस्तू ती नव्हे. मध्ये कुठेतरी बसवून लॉगची कापणी-शिवण करायला उत्तम. नोडवर फाइलबीट. ते पोचपावती मिळाल्यावरच फाइलमधली आपली खूण पुढे सरकवतं, म्हणजे फाइल जागेवर आहे तोवर ओळ हरवत नाही. पुन्हा तीच अट, फाइल जागेवर आहे तोवर.

आणि प्रॉमटेल वापरणारे अजून असाल तर ऐका. २०२५ मध्ये ग्राफानाने त्याचं काम थांबवलं आणि अलॉयकडे जा म्हणून सांगितलं. नव्या प्रोजेक्टमध्ये जुन्या ट्युटोरियलवरून प्रॉमटेल लावू नका.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपंय की, सगळीकडे 'थांब' लावू, काहीच हरवणार नाही. नाही हो. थांबणं मागे मागे सरकत जातं. एजंट फाइल वाचत असेल तर तो थांबल्याने तुमच्या ॲपला काही होत नाही, फाइल मध्ये आहे. पण ॲप थेट लॉग ड्रायव्हरला देत असेल तर? डॉकरमध्ये लॉग ड्रायव्हर डिफॉल्टने ब्लॉकिंग असतो. पलीकडे घेणारा थांबला की तुमचं ॲप लॉगची ओळ लिहिताना तिथेच अडकून बसतं. ग्राहक तिकीट काढतोय आणि सर्व्हिस कशासाठी थांबलीय, तर 'तिकीट काढायला सुरुवात' ही ओळ लिहायला जागा नाही म्हणून! दुसरा पर्याय नॉन-ब्लॉकिंग. त्यात ॲप धावत राहतं, पण मधला बफर डिफॉल्टने फक्त १ एमबीचा, भरला की ओळी गळायला लागतात. ॲमेझॉनने २०२५ च्या जूनमध्ये आपल्या ईसीएसमध्ये हे डिफॉल्ट ब्लॉकिंगवरून नॉन-ब्लॉकिंग केलं. म्हणजे त्यांनी सरळ बाजू घेतली: लॉग गेले तरी चालतील, ॲप चाललं पाहिजे. मला वाटतं बहुतेकांसाठी हे योग्यच आहे. पण तुमच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ठरवलं, हे तुम्हाला माहीत हवं.

यावरून आमच्यात खूप भांडणं झाली. आमचा एक सीनियर म्हणायचा, मध्ये काफ्का टाका, प्रश्न मिटेल. काफ्का डिफॉल्टने ७ दिवस माल सांभाळून ठेवतो, साठवण पडली तरी काही जात नाही, सगळं खरं. पण आम्ही होतो चौघं. काफ्का सांभाळायला त्यातला एक अख्खा माणूस जाणार. आणि एजंट ते काफ्का हा रस्ता तुटला तर? प्रश्न एक घर मागे सरकला, एवढंच.

भांडण मिटलं ते टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीमुळे. कॉलेजातून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर आपण लॉगमध्ये का शोधत होतो?"

सगळे गप्प.

तिचं बरोबर होतं. सीट कुणाच्या नावावर आहे, पैसे आले का, ही माहिती लॉगमध्ये असायलाच नको होती. म्हणजे असली तरी चालेल, पण फक्त तिथे नको. ती डेटाबेसमध्ये हवी, पेमेंटच्याच व्यवहारात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एक नोंद म्हणून. व्यवहार झाला तर नोंद आहे, नोंद नाही तर व्यवहार झालाच नाही. आम्ही तिथे आळस केला होता. 'लॉगमध्ये येतंय ना, मग वेगळं टेबल कशाला.' ती नोंद वेगळी काढल्यावर उरलेल्या लॉगकडे बघितलं तर त्यातलं थोडं गळलं तर कुणाचाही गणपती चुकणार नव्हता. मग टूल निवडणं अर्ध्या तासाचं काम झालं. म्हणून माझा आग्रह असा की आपल्या लॉगच्या ओळींची यादी काढा आणि प्रत्येक प्रकाराला विचारा, ही ओळ कधीच मिळाली नाही तर कुणाचं काय अडेल? ज्या ओळींवर एखाद्या माणसाचं खरोखर काही अडतं, त्या लॉगमधून उचला आणि नीट जागी ठेवा. उरलेल्यांसाठी टूल शोधा.

आम्ही शेवटी जुनंच टूल ठेवलं, बदललं नाही. बफर डिस्कवर नेला, रिट्राय वाढवला, क्युबलेटच्या फायलींची मर्यादा मोठी केली, आणि डीबगच्या ओळी एजंटपाशीच गाळायला लागलो. एवढ्यावर भागलं.

हो, आणि तपासलं. हे जरा नीट ऐका, कारण हे तुम्ही या शनिवारी करू शकता. एक छोटा प्रोग्रॅम लिहा, दहा ओळींचा. तो फक्त आकडे लिहितो, प्रत्येक ओळीला एक. १, २, ३, असे पुढे, सेकंदाला हजारभर, आणि ओळ खऱ्या लॉगइतकी लांब करा, नाहीतर फायली फिरणारच नाहीत. तो टेस्ट क्लस्टरवर पॉड म्हणून चालवा. चालू असताना नेटवर्क पॉलिसी लावून एजंटची साठवणीकडची वाट वीस मिनिटं बंद करा. मध्येच एजंटचा पॉड मारा. मग वाट उघडा, अर्धा तास थांबा, आणि साठवणीत पोचलेले आकडे मोजा. कुठले गायब? कुठले दोनदा आले? दोनदा येणं हा दोष नाही. पावती मिळाली नाही म्हणून पुन्हा पाठवणाऱ्या टूलकडून तसं होणारच, त्याची तयारी ठेवायची. गायब असतील तर मात्र कुठपासून कुठपर्यंत ते बघा. सुरुवातीचे गेले असतील तर रिट्राय किंवा मेमरीतला बफर, सलग मोठं भगदाड असेल तर फायली फिरल्यात, पॉड मारला तिथलेच गेले असतील तर खूण नीट साठवली जात नाहीये. कुठल्याही तक्त्यापेक्षा हे आकडे तुम्हाला जास्त सांगतील. दोन टूल्समध्ये अडलात तर दोन्हींवर हाच प्रयोग करा.

थोडं साठवणीबद्दल, कारण एजंटचा निर्णय तिच्यावरही अवलंबून असतो. इलॅस्टिकसर्च किंवा ओपनसर्च प्रत्येक शब्दाची सूची करतं, शोध झटपट, बिल तसंच. लोकी फक्त लेबल्सची सूची करतं, मजकूर तसाच दाबून ठेवतं. स्वस्त पडतं, पण लेबलमध्ये युजर आयडी किंवा रिक्वेस्ट आयडी घातलात तर ते गुदमरतं. सर्व्हिसचं नाव, एन्व्हायरन्मेंट, बस्स. ही शिस्त एजंटच्या कॉन्फिगमध्येच लावायची असते.

आणि एक खास आपल्याकडची गंमत. प्रवाशांची नावं देवनागरीत यायची. पायथनची जेसन लायब्ररी डिफॉल्टने प्रत्येक देवनागरी अक्षराचं रूपांतर उलटी रेघ, यू आणि पुढे चार खुणा अशा सहा चिन्हांत करते. लॉगमध्ये 'गणेश' शोधला तर गणेश सापडेना! आधीच यूटीएफ-८ मध्ये आपलं एक अक्षर ३ बाइटचं, त्याचे इथे झाले ६. लॉग फुगायचं हेही एक कारण निघालं. एक सेटिंग बदललं, काम झालं.

खरं तर ते नाव लॉगमध्ये असायलाच नको होतं, हे नंतर कळलं. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या ३३ कोटी युजर्सना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं होतं, आठवतं? कुणी चोरी केली नव्हती. पासवर्ड हॅश व्हायच्या आधीच त्यांच्या अंतर्गत लॉगमध्ये साधे लिहिले जात होते. तेव्हा मोबाइल नंबर, नाव, कार्डाचे आकडे हे नोडवरच झाकायचे, बाहेर पडायच्या आत. एजंट निवडताना त्याच्याकडे हे झाकायची साधनं आहेत का, आणि ती लावल्यावर तो किती मंदावतो, हे बघा. आणि एजंट अपडेट ठेवा. फ्लुएंट बिटमध्ये २०२४ साली एक गंभीर भोक सापडलं होतं, ३.०.४ मध्ये बुजवलं गेलं. प्रत्येक नोडवर बसलेली, सगळ्यांचं वाचणारी वस्तू आहे ती, तिला विसरून चालत नाही.

भारतात काम करत असाल तर सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही माहीत हवेत: सिस्टिमचे लॉग १८० दिवस सांभाळायचे, सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, घड्याळं जुळवलेली ठेवायची. हा घड्याळाचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. दोन नोडच्या घड्याळांत तीन सेकंदांचा फरक असेल तर लॉगमध्ये उत्तर आधी येतं आणि प्रश्न नंतर. एकदा आम्ही अशा एका लॉगवर अख्खी दुपार घालवली होती. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

तर मंडळी, आकड्यांचा प्रयोग केलात तर मला कळवा, टूल कुठलं होतं, वाट किती वेळ बंद ठेवली आणि किती आकडे परत आले. व्हॉइस मेसेज पाठवलात तरी चालेल, पुढच्या भागात तुमच्या आवाजात ऐकवू. फक्त तो प्रयोग प्रॉडक्शनवर करू नका, मी सांगितलं असं सांगाल आणि माझं नाव जाईल.

भेटू पुढच्या शुक्रवारी. कुकर उतरवते आता.